‘डिसअपॉइंटमेंट’ म्हणजे निराशा नव्हे

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यानें ‘डिसअपॉइंटमेंट’ हा शब्द शालेय कोशांत पाहिला, म्हणजे त्याला समोर ‘निराशा’ असा अर्थ दिसतो आणि तो निश्चिंत मनानें कोश मिटतो. पुढें एखाद्या कादंबरींत त्याला ‘डिस्पेअर’ हा शब्द भेटतो. कोशांत पाहावें तों तेथेंहि निराशाच. आणखी कांहीं वर्षांनीं वैद्यकांतील ‘डिप्रेशन’ हा शब्द कानावर येतो. त्याला वर्तमानपत्रें ‘नैराश्य’ म्हणतात, म्हणजे पुन्हां तीच आशा आणि तिचाच अभाव. मनाच्या तीन निरनिराळ्या अवस्था, त्यांना इंग्रजींत तीन निरनिराळे शब्द, आणि छापील मराठींत मात्र तिघींना मिळून एकच खोली! या दाटीनें बिघडतें काय, असें कोणी विचारील. शब्दांचा शौक म्हणूनच या प्रश्नाकडे पाहणाऱ्यांना तो किरकोळ वाटण्याचा संभव आहे. अमरावती-अकोल्याकडे तो किरकोळ नाहीं.

वऱ्हाडांतील एखादें साधें वर्ष घ्यावें. मृगाचा पाऊस पडला, पऱ्हाटीची सरकी मातींत गेली, अंकुर वर आले, आणि मग पावसानें तीन आठवडे तोंड फिरविलें. कोवळीं रोपें माना टाकूं लागलीं. शेतकऱ्यानें कोणाकडून तरी पैसे उसने घेतले आणि दुबार पेरणीचें बियाणें आणण्यासाठीं तो अकोल्याच्या बाजाराची वाट चालूं लागला. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत मथळा येतो, ‘पावसाअभावीं शेतकरी निराश’. आतां ज्याची आशा खरोखर संपली, तो बियाणें आणावयास जाईलच कशाला? या मनुष्याची एक ठराविक अपेक्षा मोडली आहे. आशा शाबूत आहे, आणि ती शाबूत आहे म्हणूनच तो कर्ज काढीत आहे. तो स्वतःला निराश म्हणवून घेत नाहीं. ‘पावसानं दगा देल्ला,’ एवढेंच तो म्हणतो, आणि तें अगदीं नेमकें आहे. इंग्रजींत या स्थितीला ‘डिसअपॉइंटमेंट’ हाच शब्द लागतो. ‘डिस्पेअर’ तेथें चालणार नाहीं.

आपल्या कोशकारांना सगळा दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. मोल्स्वर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला आणि मोल्स्वर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं. त्या जुन्या मंडळींनीं पंडितांच्या साह्यानें घराघरांतले, बाजारांतले शब्द वेंचून आणिले होते, आणि एकेका शब्दापुढें जवळचे, दूरचे, ग्राम्य, शिष्ट असे अनेक पर्याय मांडले होते. पुढें परीक्षेसाठीं जे छोटे कोश तयार झाले त्यांत जागेची काटकसर करण्यांत आली, आणि संस्कृत तेवढे शब्द राहिले. काटकसरींत पहिला बळी नेहमीं घरगुती शब्दाचा जातो.

या इंग्रजी शब्दाची कुळी पाहण्यासारखी आहे. ‘अपॉइंट’ म्हणजे नेमणें, ठरविणें. त्याच्यामागें ‘डिस्’ हा अभाव दाखविणारा उपसर्ग लागला. शब्द फ्रेंचांतून आला, आणि पंधराव्या शतकांत इंग्रजींत तो शिरला तेव्हां त्याचा अर्थ मनाशीं निगडित नव्हताच. नेमलेल्या जागेवरून काढून टाकणें, म्हणजे आपल्याकडे ज्याला बडतर्फ करणें म्हणतात, तोच त्याचा अर्थ होता. हॅम्लेट नाटकांत बापाचें भूत याच शब्दाचा उपयोग करतें, परंतु तेथें तो ‘पूर्वतयारी न झालेला’ अशा अर्थानें येतो. मरणापूर्वीं जे धर्मविधि व्हावयाचे ते न होतांच आपण मारले गेलों, अशी त्याची तक्रार आहे. आजच्या अर्थाचा शिक्का मनांत धरून तो उतारा वाचणारा विद्यार्थी हमखास फसतो. हळूहळू जागेवरून काढण्याची कल्पना मनाच्या आंत गेली. मनानें एखाद्या गोष्टीची दिवस-वेळ ठरवून नेमणूक करून ठेवलेली असते. ती नेमणूक कोणी रद्द केली, म्हणजे मनुष्य ‘डिसअपॉइंटेड’ होतो. म्हणून या शब्दाच्या पोटांत दोन गोष्टी नेहमीं असाव्या लागतात. एक, आधीं कांहीं तरी ठरलेलें असणें. दुसरी, तें न घडणें. ज्यानें कांहींच ठरविलें नव्हतें तो दुःखी होऊं शकेल, पण ‘डिसअपॉइंटेड’ होऊं शकणार नाहीं.

(मंत्रिमंडळाचा विस्तार झाल्यावर ज्यांना पद मिळालें नाहीं अशा आमदारांना आपलीं वर्तमानपत्रें ‘नाराज’ म्हणतात. फारसींतून आलेला हा शब्द तेथें फार चपखल बसतो. नेमणूक न झाल्यामुळें आलेली ही खिन्नता पाहिली तर इंग्रजी शब्दाचा पंधराव्या शतकांतला अर्थ अजून पुरता मेला नाहीं असें म्हणावें लागतें.)

नेमणूक जाणें या मूळ अर्थाचा अनुभव वऱ्हाडाच्या इतिहासांत अक्षरशः आलेला आहे. २१ मे १८५३ रोजीं निजामानें इंग्रजांशीं तह करून हा प्रांत त्यांच्या हवालीं केला. निजामाच्या नांवानें ठेवलेल्या परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतींतील कंटिंजंट फौजेचा खर्च थकला होता. त्याच्या वसुलीसाठीं ही सोय होती. कागदोपत्रीं या मुलखाचें नांव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असें पडलें, म्हणजे नेमून दिलेले जिल्हे. परगण्याचा वसूल पाहणारे देशमुख आणि देशपांडे नव्या रयतवारींत निरुपयोगी ठरले. कांहीं घराण्यांकडे हक्काची रक्कम चालू राहिली, वाडे राहिले, आडनांवें राहिलीं. काम मात्र गेलें. गांवचे पाटील-पटवारी तेवढे जागेवर टिकले. या देशमुखांना जुन्या इंग्रजीप्रमाणें ‘डिसअपॉइंटेड’ म्हणावें कीं नव्या, हा प्रश्न विनोदाचा वाटला तरी दोन्हीं अर्थांनीं उत्तर एकच येतें.

याच प्रकरणांतून या शब्दाचीं उपपदें कशीं चालतात तेंहि समजावून देतां येतें, आणि मराठी विद्यार्थी अडखळतो तो उपपदांपाशींच. मराठींत ‘मला अमक्यामुळें निराशा झाली’ असें एकच वळण असतें. इंग्रजींत ‘ऑफ’, ‘ॲट’, ‘विथ’, ‘इन्’ असे निरनिराळे शेजारी आहेत आणि प्रत्येकाबरोबर अर्थाची छटा पालटते. जी वस्तु मिळावयाची होती ती मिळालीच नाहीं, तर जुन्या इंग्रजींत ‘ऑफ’ येई. आज तो प्रयोग मागें पडला आहे, पण निजामाच्या स्थितीचें वर्णन त्यावांचून होत नाहीं. १८६० च्या तहानें त्याला रायचूर दुआब आणि धाराशिवचा भाग परत मिळाला. वऱ्हाड मिळालें नाहीं. त्याचे दिवाण सर सालारजंग यांनीं वऱ्हाडासाठीं वर्षानुवर्षें खटपट केली आणि १८७६ सालीं ते विलायतेला जाऊन आले. वऱ्हाड मिळालें नाहीं. १९०२ सालीं लॉर्ड कर्झननें वार्षिक पंचवीस लाख रुपयांच्या बदल्यांत हा प्रांत कायमच्या पट्ट्यानें लिहून घेतला, आणि पुढल्याच वर्षीं तो मध्यप्रांताला जोडण्यांत आला. निजाम वऱ्हाडाला ‘ऑफ’नें मुकला, असें म्हणतां येईल.

घटनेमुळें किंवा निर्णयामुळें मन खट्टू झालें तर ‘ॲट’ येतो. पुढल्या निजामानें, मीर उस्मान अली खान यानें, वऱ्हाडाची मागणी पुन्हां उचलली. २७ मार्च १९२६ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांचें पत्र आलें. ब्रिटिश सार्वभौमत्वापुढें कोणत्याहि संस्थानिकाला बरोबरीच्या नात्यानें वाद घालतां येणार नाहीं, असा त्याचा आशय होता. पत्र वाचून होणारी व्यथा ही ‘ॲट’ची. आणि जें हातांत पडलें तें अपेक्षेहून उणें निघालें, तर ‘विथ’. १९३६ सालीं नवा करार झाला. त्यांत निजामाचें सार्वभौमत्व शब्दांनीं मान्य करण्यांत आलें, कारभार मात्र मध्यप्रांताकडेच राहिला. त्याला ‘हैदराबाद आणि वऱ्हाडचा निजाम’ ही पदवी मिळाली, युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणावयाचें ठरलें. मुलूख मागितला आणि मुलखाचें नांव मिळालें! ‘विथ’ या उपपदाला याहून चांगलें उदाहरण वऱ्हाडांत तरी सांपडणें कठीण. या सगळ्या लिखापढींत अमरावतीच्या वकिलाला, अकोल्याच्या व्यापाऱ्याला किंवा दर्यापूरच्या कुणब्याला काय हवें आहे हें मात्र कोणी विचारलें नाहीं, आणि ज्याला विचारलेंच नाहीं त्याच्या अपेक्षाभंगाची दप्तरांत नोंदहि होत नाहीं.

ती नोंद व्हावयास लागली ती स्वातंत्र्याच्या तोंडावर. ८ ऑगस्ट १९४७ रोजीं, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या अवघा आठवडाभर आधीं, अकोल्यास विदर्भाचे आणि पश्चिम महाराष्ट्राचे पुढारी एकत्र बसले. संयुक्त महाराष्ट्र झाला तर त्यांत महाविदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र असे दोन उपप्रांत असावेत, आणि तसें न जमल्यास महाविदर्भाचा प्रांत निराळा व्हावा, असें त्यांनीं ठरविलें. हाच अकोला करार. २८ सप्टेंबर १९५३ रोजीं नागपूर करार झाला. त्यांत उपप्रांत गेले, परंतु खर्चांत आणि नोकऱ्यांत लोकसंख्येच्या मानानें वांटा मिळावा आणि नागपुरास विधिमंडळाचें अधिवेशन व्हावें अशीं आश्वासनें आलीं. १९५५ सालीं फाजल अली आयोगानें स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं प्रत्यक्षांत विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यांत गेला, आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्यांत आला. ज्यांना संयुक्त महाराष्ट्र हवा होता त्यांना १९५६ सालीं जें वाटलें आणि ज्यांना स्वतंत्र विदर्भ हवा होता त्यांना १९६० सालीं जें वाटलें, तें एकाच शब्दानें सांगतां येईल. फक्त ठरवून ठेवलेली गोष्ट दोघांची निराळी होती. कोणाचें म्हणणें रास्त होतें, हा या ठिकाणचा विषय नाहीं.

भाषेच्या दृष्टीनें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट पुढें घडली. आश्वासन आणि प्राप्ति यांतील अंतर मोजावयास एक मराठी शब्द उपयोगांत आला, तो म्हणजे ‘अनुशेष’. प्रादेशिक असमतोलाची पाहणी करण्यासाठीं प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालीं जी समिति नेमली गेली, तिचा अहवाल १९८४ सालीं आला. रस्ते, सिंचन, शाळा, वीज या खात्यांत कोणता भाग किती मागें आहे याचा तिनें आंकड्यांत हिशेब मांडला. तेव्हांपासून अमरावती विभागाच्या सिंचनाचा अनुशेष हा विधिमंडळांतला ठरलेला विषय होऊन बसला. शब्द रुक्ष आहे, कचेरींतला आहे. पण ज्याला ‘निराशा’ म्हणतात तिचें माप घेतां येत नाहीं, आणि अनुशेषाचें घेतां येतें. अपेक्षाभंग झालेला मनुष्य अजून हिशेब मागत असतो. निराश मनुष्य वही मिटून ठेवतो. विदर्भानें वही मिटली नाहीं, म्हणून तेथील राजकीय भावनेला निराशा हें नांव शोभत नाहीं.

राहिलें उपपद ‘इन्’. हें सर्वांत जिव्हारीं लागणारें आहे, कारण त्याच्यापुढें माणूस येतो. एखादी वस्तु, एखादा निर्णय बाजूलाच राहतो. ज्याच्याविषयीं कांहीं एक समजूत करून घेतली होती तो मनुष्यच त्या समजुतीहून लहान निघाला, असा त्याचा अर्थ. इंग्रज बाप मुलाला ‘मी रागावलों नाहीं, पण तुझ्यांत माझी डिसअपॉइंटमेंट झाली’ अशा अर्थाचें वाक्य बोलतो तेव्हां त्या मुलाला छडी परवडली असें वाटतें. याचें मराठी ‘मी तुझ्यामुळें निराश झालों’ असें केलें, तर तें नाटकी वाटतें. कोणत्याहि मराठी बापानें मुलाला असें म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं. मराठी बाप म्हणतो, ‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.’ अमरावतीकडची आई म्हणते, ‘तुह्याकून असी उमेद नोती बाबू मले.’

या मराठी वाक्याची रचना मोठी विलक्षण आहे. व्याकरणानें पाहिलें तर बोलणारा अपेक्षा नाकारतो आहे. अपेक्षा नव्हती, तर मोडली काय? परंतु ऐकणाऱ्याला क्षणभरहि भ्रम पडत नाहीं. ‘ही’ या एका अक्षरांत मुलाचें वर्तन आलें, ‘नव्हती’मध्यें आजवरचा विश्वास भूतकाळांत गेला, आणि स्वतःच्या दुःखाचा तर उच्चारहि झाला नाहीं. इंग्रज आपल्या मनाची स्थिति सांगतो. मराठी मनुष्य समोरच्याची पूर्वीची योग्यता सांगतो आणि गप्प बसतो. भाषांतरकारानें येथें शब्दाला शब्द ठेवूं नये. इंग्रजी कादंबरींत ‘डिसअपॉइंटेड इन् यू’ असें आलें कीं त्यानें सरळ ‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती’ असें लिहावें. उलट मराठी कथा इंग्रजींत नेणाऱ्यानें ‘अपेक्षा नव्हती’चें तर्काप्रमाणें भाषांतर केलें, तर ‘मला हें वाटलेंच नव्हतें’ असा आश्चर्याचा अर्थ निघेल आणि घाव नाहींसा होईल.

मराठीच्या घरगुती कोठारांत या एका इंग्रजी शब्दासाठीं किती तरी शब्द पडून आहेत. अकोल्याच्या मावशीकडे जावयाचें ठरलें, मूर्तिजापूरला गाडी चुकली, आणि मुलाचें तोंड उतरलें, हा हिरमोड. तो संध्याकाळपर्यंत, फार तर दुसऱ्या दिवशीं सकाळपर्यंत टिकतो. मैफल रंगांत आली असतां कोणी कटु बोललें, तर विरस. मोठ्या उत्साहानें योजलेल्या कामांत कोणी खोडा घातला, म्हणजे उत्साहावर विरजण. वर्षभराच्या मेहनतीचें पीक अवकाळी पावसानें गेलें, तर आशेवर पाणी पडलें असें म्हणण्याची रीत आहे, आणि तेथें पाणी हा शब्द अलंकाराचा राहत नाहीं. कोणाच्या भरंवशावर चारचौघांत शब्द दिला आणि त्यानें ऐन वेळीं हात वर केले, तर तोंडघशी पडणें. इंग्रज ज्याला ‘लेट डाउन’ म्हणतात तें नेमकें हेंच, आणि खालीं पडण्याची कल्पनाहि दोन्हींकडे सारखी. ज्या माणसाला किंवा मताला देव मानलें तें मातीचें निघालें, तर भ्रमनिरास. या शेवटच्या शब्दांत मात्र एक गंमत आहे. भ्रम जाणें हा तोटा नव्हे, लाभ आहे. तरीहि मनुष्य तो शब्द रडवेल्या स्वरांत उच्चारतो. आजकाल तरुण मंडळी अशा प्रसंगीं ‘पोपट झाला’ म्हणतात. वडील माणसांना तें आवडत नाहीं, पण त्या प्रयोगांत स्वतःच्या फजितीकडे हंसून पाहण्याची जी शक्ति आहे ती ‘अपेक्षाभंग’ या भारदस्त समासांत नाहीं.

वापराच्या दोन चुका वारंवार होतात. त्या येथें सांगून टाकाव्या. पहिली म्हणजे ‘आय ॲम डिसअपॉइंटिंग’. ‘माझी निराशा होत आहे’ या चालू क्रियेचें हें विद्यार्थ्यानें केलेलें प्रामाणिक भाषांतर असतें. इंग्रज त्यावरून एवढेंच समजतो कीं या उमेदवारानें आपण कुचकामी असल्याची कबुली स्वतःच दिली! घटना किंवा निकाल ‘डिसअपॉइंटिंग’ असतो. ज्याला तो लागतो तो मनुष्य ‘डिसअपॉइंटेड’. दुसरी चूक मापाची. इंग्रजी पत्रव्यवहारांत ‘आम्ही डिसअपॉइंट झालों’ हें वाक्य सभ्य असलें तरी सौम्य नसतें. तें तक्रारीच्या वरच्या पायरीवरचें आहे. मराठी पत्रांत ‘अत्यंत निराशा झाली’ असें लिहिलें तर तेंच वाक्य एकदम शोकपत्राच्या सुरांत जातें. ‘अपेक्षेप्रमाणें काम झालें नाहीं’ एवढें पुरें असतें.

मग ‘निराशा’ या शब्दाचें स्वतःचें घर कोणतें? संस्कृतांत तो दुःखाचाच शब्द होता असें समजणें चुकीचें आहे. भागवताच्या एकादश स्कंधांत पिंगला नांवाच्या विदेहनगरींतील वारांगनेची कथा येते. ती सजून दारांत उभी राहते. येणाराजाणारा प्रत्येक पुरुष आपल्याकडेच येईल असें तिला वाटतें. रात्र चढत जाते आणि कोणी येत नाहीं. शेवटीं तिला वैराग्य येतें, ती आशाच सोडते आणि स्वस्थ झोपी जाते. एकनाथांनीं १५७३ सालीं पुऱ्या केलेल्या आपल्या भागवतटीकेंत ही कथा मराठी श्रोत्यांपुढें मांडिली आहे. तेथें अर्ध्या रात्रीपर्यंत पिंगलेची जी तगमग होते ती ‘डिसअपॉइंटमेंट’, आणि त्यानंतरची तिची जी शांति ती निराशा! गीतेंतहि योग्याला ‘निराशी’ म्हटलें आहे तें त्याच्या गौरवासाठीं. आशा सोडणें ही साधकाची कमाई होती. इंग्रजी शब्दांचे प्रतिशब्द शोधण्याच्या घाईंत हा शब्द उलटा होऊन काळवंडला. आतां तो पुन्हां पूर्वस्थितीला येणार नाहीं, आणि तशी ओढाताण करण्यांत अर्थहि नाहीं. परंतु त्याच्यावर तीन अवस्थांचें ओझें टाकावें कीं नाहीं, हें अजून लिहिणाऱ्यांच्या हातीं आहे.

वऱ्हाडाच्या बाबतींत हें ओझें फार महाग पडतें. कापसानें या मुलखाला वर चढविलें आणि खालींहि आपटलें. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी सुरू झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि इकडे भाव आकाशाला भिडले. १८६५ सालीं युद्ध संपलें आणि भाव कोसळले. मुंबईहून निघालेली रेल्वे नागपुरास पोहोंचली ती १८६७ सालीं. तिच्या डब्यांत चढावयाचा तो युद्धाचा भाव तोंपर्यंत निघून गेला होता. पुढल्या दीडशें वर्षांत असे चढउतार किती तरी झाले, आणि दर वेळीं पऱ्हाटी पुन्हां लावली गेली. हा अपेक्षाभंग वऱ्हाडी मनुष्य पिढ्यान् पिढ्या ओळखतो. त्याच्यावर तो शिव्या देतो, विनोद करतो, मोर्चा काढतो.

परंतु अलीकडच्या काळांत तेथें दुसरेंच कांहीं घडूं लागलें. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें जुलै २००६ मध्यें पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग विदर्भांत आले, आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठीं ३७५० कोटि रुपयांची योजना जाहीर झाली. कर्ज, नापिकी, भाव हीं कारणें खरीं होतीं आणि त्यांचा इलाज पैशानें, पाण्यानें व भावानेंच करावयाचा होता. शब्दांनीं तो होणार नव्हता. तरीहि प्रत्येक बातमींत ‘नापिकीमुळें आलेल्या निराशेंतून’ हे जे ठरीव शब्द छापले जात, त्यांनीं एक नुकसान केलें. पीक बुडालें कीं निराशा, आणि निराशा आली कीं शेवट, अशी जणू एक सरळ वाट आहे असें त्यांवरून वाटूं लागे. ज्याचें पीक बुडालें त्याला अपेक्षाभंग झालेला असतो. तो शेजारच्या शंभर घरांतहि झालेला असतो. त्यांतल्या एखाद्या माणसाला त्यावर आणखी जी अवस्था घेरते ती आजाराची असते, आणि ती वेळेवर ओळखली तर तिच्यावर उपचार आहेत. दोन्हींना एकच नांव दिल्यावर ओळखावयाचें कसें?

अमरावती जिल्ह्यांतील तीस गांवांत ‘विश्राम’ नांवाचा एक उपक्रम झाला. त्याच्या इंग्रजी नांवांत विदर्भ, ताण आणि आरोग्य हे शब्द होते. ‘नैराश्य’ हा शब्द पाटीवर ठेवला असता तर दार उघडण्यापूर्वींच लाज आड आली असती. ‘ताण’ किंवा ‘टेन्शन’ आहे असें सांगावयास कोणाला संकोच वाटत नाहीं. गांवांतच राहणाऱ्या, थोडें शिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनीं घरोघर जाऊन बोलावें, गरज पडेल त्याला समुपदेशकाकडे आणि डॉक्टरकडे पोहोंचवावें, अशी त्याची रीत होती. ‘लॅन्सेट सायकायट्री’ या नियतकालिकांत २०१७ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नैराश्याचा आजार असलेल्यांपैकीं मदत घेणाऱ्यांचें प्रमाण आरंभीं ४.३ टक्के होतें, तें २७.२ टक्क्यांवर गेलें. आजार ओळखण्यासाठीं जे प्रश्न विचारण्यांत येतात त्यांत पावसाचा, भावाचा किंवा कर्जाचा उल्लेख नसतो. मागल्या दोन आठवड्यांत झोप लागली काय, अन्न गोड लागलें काय, पूर्वी ज्या कामांत मन रमत असे त्यांत तें अजून रमतें काय, जगणें नकोसें वाटतें काय, अशा बेताचे ते प्रश्न असतात, आणि ते मराठींत, वऱ्हाडींत, अंगणांत बाजेवर बसून विचारतां येतात.